एका जादा क्लिकचा खटला

२००६ च्या एप्रिलपासून इंटरनेट एक्स्प्लोरर वापरणाऱ्यांना एक चमत्कारिक अनुभव येऊ लागला. वेबपानातला फ्लॅशचा खेळ डोळ्यांसमोर हलताना दिसे, पण त्यातले बटण दाबले तर ते ऐकत नसे. माउस वर नेला की भोवती चौकट उमटे आणि सूचना येई, 'वापरण्यासाठी आधी क्लिक करा'. पहिला क्लिक वाया जायचा, काम व्हायचे ते दुसऱ्याने. यात बिघाड कुठेच नव्हता. मायक्रोसॉफ्टने ही अडचण जाणूनबुजून, एका पेटंटातून वाट काढण्यासाठी घातली होती.

हे पेटंट जन्मले वैद्यकशास्त्रातून. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत मायकेल डॉयल आणि त्यांचे दोन सहकारी मानवी गर्भाची त्रिमिती चित्रे दूरच्या संशोधकांनाही फिरवून पाहता यावीत, या खटपटीत होते. त्यासाठी त्यांनी ब्राउझरच्या खिडकीतच दुसरा प्रोग्रॅम आपोआप सुरू करण्याची सोय केली. ऑक्टोबर १९९४ मध्ये पेटंटचा अर्ज गेला, १७ नोव्हेंबर १९९८ रोजी तो मंजूर झाला. तोवर ब्राउझरमध्ये असे प्रोग्रॅम चालवणारे प्लग-इन ही वेबवरची रोजची गोष्ट झाली होती.

डॉयल यांच्या इओलास कंपनीने १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. ऑगस्ट २००३ मध्ये शिकागोतल्या ज्यूरीने विंडोजच्या प्रत्येक प्रतीमागे १ डॉलर ४७ सेंट या हिशेबाने सुमारे ५२ कोटी डॉलरची भरपाई ठरवली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचे आणि मायक्रोसॉफ्टचे एरवी विळ्याभोपळ्याचे सख्य. पण ब्राउझर विकत दिला की फुकट, याच्याशी पेटंटला देणेघेणे नसते, त्यामुळे धास्ती सगळ्यांनाच बसली. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी अमेरिकी पेटंट कार्यालयाच्या प्रमुखांना पत्र लिहून फेरतपासणीची मागणी केली. फेरतपासणी झाली, आणि २००५ मध्ये पेटंट कायम राहिले.

मग आली ती चौकट. पेटंटातला दावा होता पानाच्या मजकुरातच लिहिलेल्या आज्ञेमुळे वस्तू 'आपोआप' वापरायोग्य होण्याचा. मध्ये माणसाचा एक क्लिक घातला की 'आपोआप' उरत नाही! आणखीही एक पळवाट होती. तीच आज्ञा वेगळ्या जावास्क्रिप्ट फाईलमध्ये ठेवून तिथून पानात ओतली, तर क्लिकची गरज नसे. स्क्रिप्ट त्याच पानात लिहिली, तर मात्र चौकट हजर. ओळी त्याच, परिणाम तोच, फक्त फाईल वेगळी. हा द्राविडी प्राणायाम पानोपानी करावा लागला तो वेब डेव्हलपरना. भरपाईचा आकडा वर्तमानपत्रांत आला, ही वेठबिगारी मात्र कुठल्याच निकालपत्रात मोजली गेली नाही.

गंमत अशी, की पेटंटवरचा उतारा पेटंटच्याच घरात होता. त्याच विद्यापीठाच्या बर्कली शाखेत शिकलेल्या पेई-युआन वेई यांनी १९९२ मध्ये व्हायोला नावाचा ब्राउझर बनवला होता. पानातच चालणारे छोटे प्रोग्रॅम त्यात बसवता येत, आणि मे १९९३ मध्ये, म्हणजे पेटंटच्या अर्जाआधी वर्षभराहून अधिक, त्यांनी ते सन मायक्रोसिस्टिम्सच्या दोन अभियंत्यांना दाखवलेही होते. पहिल्या खटल्यात ज्यूरीला हा पुरावा विचारात घेऊ दिला गेला नाही. मार्च २००५ मध्ये अपील न्यायालयाने ही चूक मानली आणि प्रकरण परत पाठवले. पण व्हायोलाची कसोटी लागण्याआधीच, ऑगस्ट २००७ मध्ये, मायक्रोसॉफ्टने तडजोड केली. एप्रिल २००८ मध्ये चौकट गेली.

इओलासने मग दुसरे पेटंट जोडीला घेऊन गूगल, अॅमेझॉन, याहू, अॅडोबी अशा वीसहून अधिक कंपन्यांना टेक्सासच्या न्यायालयात खेचले. तिथे टायलर गावात फेब्रुवारी २०१२ मध्ये वेई आणि बर्नर्स-ली दोघेही साक्षीला उभे राहिले. ज्यूरीने पेटंटांचे दावे अवैध ठरवले, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केले.

तुमच्याकडे २००७ च्या आसपासच्या एखाद्या संकेतस्थळाची प्रत असेल, तर तिचे फोल्डर उघडून पाहा. 'एसी रन अॅक्टिव्ह कंटेंट' नावाची एक छोटी जावास्क्रिप्ट फाईल कदाचित सापडेल. ती या खटल्यामुळेच तिथे आली आहे.