मोत्याची वाटी

आमचा मोत्या चौदा वर्षांचा झाला आणि त्याला दिसेनासे झाले. मागचे पाय फरशीवर घसरत, म्हणून आम्ही गोणपाट अंथरले. भाकरी दुधात कुस्करून भरवली. रात्री तो भिंतीला धडके; बल्ब चालू ठेवू लागलो. एके पहाटे तो गेला. सर्व अनित्य आहे, हे विहारात ऐकले होते. ते घरात कळले.

मुलांनी त्याची पाण्याची वाटी टाकू दिली नाही. चवदार तळ्यावर जनावरांना मुभा होती, आपल्या आज्या-पणज्यांना नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ते पाणी प्याले. ज्यांनी तहान सोसली, त्यांच्या दारातून कोणताही जीव तहानलेला जाऊ नये. वाटी आता दाराबाहेर असते. गल्लीतली म्हातारी कुत्री रोज येते. वाचकहो, आपल्याही दारी एक वाटी ठेवा.