‘आयआरला दाखवा’ म्हणजे नक्की कुठे जायचे? पेण-रोह्याच्या रुग्णांसाठी

मागच्या पावसाळ्यात रोह्याजवळच्या एका गावातले काका त्यांच्या मुलाबरोबर माझ्याकडे आले. डोळे हळदीसारखे पिवळे, अंगाला खाज, आणि दोन दिवसांपासून हुडहुडी भरून ताप. हातातल्या फाईलमध्ये सोनोग्राफी होती, सीटी स्कॅन होता आणि शेवटच्या कागदावर एक ओळ लिहिलेली होती : ‘आयआर ओपिनियन घ्यावे.’ मुलाने ती ओळ वाचून मला विचारले, “डॉक्टर, सगळे फोटो काढून झाले, आता परत कसला एक्स-रे?” त्या कागदाला चार दिवस होऊन गेले होते. आणखी एक तपासणी राहिली आहे, पाऊस उघडला की करू, असे समजून घरचे थांबले होते.

ती तपासणी नव्हती, उपचार होता. पित्तनलिका बंद झाली होती, आत साठलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला होता आणि ते पित्त बाहेर काढणे तातडीचे होते. अशा वेळी चार दिवस फार महाग पडू शकतात. काका त्याच संध्याकाळी पनवेलच्या पुढे पोहोचले, नळी बसली, आणि ते वाचले. पण ती ओळ तुमच्या कागदावर आली तर तुमचे चार दिवस जाऊ नयेत, म्हणून हा लेख.

आयआर म्हणजे कोण?

आयआर म्हणजे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट. हे डॉक्टर आधी रेडिओलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतात, म्हणजे सोनोग्राफी, सीटी, एमआरआय वाचायला शिकतात. त्यानंतर फेलोशिप किंवा डीएम करून त्याच यंत्रांवर बघत बघत शरीराच्या आत सुई, तार किंवा बारीक नळी नेऊन उपचार करायला शिकतात. तुमची रोजची सोनोग्राफी करणारे डॉक्टर रेडिओलॉजिस्ट असतात, पण प्रत्येक रेडिओलॉजिस्ट हे काम करत नाही. म्हणून ‘आयआरला दाखवा’ असे लिहिलेले असताना जवळच्या सोनोग्राफी सेंटरवर जाऊन उपयोग नाही.

ही शाखा तशी तरुण आहे. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी सुईतून तार आणि तारेवरून नळी रक्तवाहिनीत नेण्याची पद्धत मांडली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेत पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टने ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाची आकसलेली रक्तवाहिनी आतून रुंद केली. पाय काळा पडू लागला होता, शल्यचिकित्सकांनी तो कापायला सांगितला होता आणि बाई तयार नव्हत्या. पाय वाचला. हृदयाची अँजिओप्लास्टी आज घराघरांत माहीत आहे, पण तिच्याआधी अँजिओप्लास्टी पायाची झाली, आणि ती एका रेडिओलॉजिस्टच्या हातून झाली.

आपल्या भागात याची गरज कुणाला लागते?

माझ्या ओपीडीत येणारे रुग्णच डोळ्यांपुढे आणतो. कधीकाळी टीबी होऊन बरा झालेला माणूस अचानक खोकल्यातून वाटीभर रक्त टाकतो. टीबीने खराब झालेल्या फुप्फुसाच्या भागात रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, त्यातली एखादी फुटते. जांघेतून किंवा मनगटातून नळी नेऊन ती रक्तवाहिनी बारीक कणांनी आतून बंद करता येते. बहुतेकांचे रक्त त्याच दिवशी थांबते. काहींना महिन्या-वर्षांनी पुन्हा त्रास होतो, हेही आधी सांगून ठेवतो.

मूत्रपिंडाच्या वाटेत खडा अडकून ताप आला आणि खालून नळी घालणे जमले नाही, तर पाठीतून थेट मूत्रपिंडात नळी बसवतात. यकृतात पू झाला तर सोनोग्राफीखाली नळी घालून तो काढतात. गाठ कसली आहे ते कळण्यासाठी सुईने तुकडा घेतात. यकृताच्या काही कर्करोगांत गाठीच्या रक्तवाहिनीतून तिथेच औषध सोडतात किंवा सुईने उष्णता देऊन गाठ जाळतात. बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल आणि बाई तेवढी स्थिर असेल, तर गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या आतून बंद करून गर्भाशय वाचवता येते.

डायलिसिसवाल्यांसाठी जरा थांबतो, कारण इथे नुकसान केवळ उशिराने होते. हातावरच्या फिस्टुलावर बोट ठेवले की थरथर जाणवते. ती रोज सकाळी तपासा. एखाद्या दिवशी थरथर लागली नाही तर पुढच्या डायलिसिसच्या वारापर्यंत थांबू नका, त्याच दिवशी डायलिसिस केंद्राला फोन करा. गुठळी ताजी असेल तर फिस्टुला वाचण्याची शक्यता बरीच असते. ती जुनी झाली की मानेत नळी आणि नव्या फिस्टुलाची शस्त्रक्रिया, म्हणजे महिन्यांचा फेरा.

धाटावच्या कारखान्यांत पाळीने उभे राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, पायाच्या फुगलेल्या शिरांचा. लेझरने त्या शिरा आतून बंद करून त्याच दिवशी घरी सोडतात. हे काम आयआर करतात तसेच शल्यचिकित्सकही करतात. यात घाई काही नाही. पायावर जखम किंवा रक्तस्राव नसेल तर शांतपणे दोन मते घ्या.

गर्भाशयातल्या फायब्रॉइडसाठी रक्तवाहिनी बंद करण्याचा उपचार १९९५ पासून जगात होतो आहे. पाळीचा अतिरक्तस्राव असलेल्या अनेक जणींची गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया त्याने टळते. पण पुढे मूल हवे असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आयआर दोघांशी बोलल्याशिवाय हा मार्ग धरू नका. ‘बिनटाका, बिनचिरफाड’ या जाहिरातीतल्या शब्दांवर माझा राग आहे तो यासाठी. टाका नसतो हे खरे, पण धोका नसतो असे नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, मूत्रपिंडावर ताण, क्वचित नको ती रक्तवाहिनी बंद होणे, हे सगळे सही करण्याआधी समजून घ्यायचे असते.

पाटीवर नाव पाच रुग्णालयांत, मग डॉक्टर कुठे?

रुग्णांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. पोट किंवा हाडांच्या डॉक्टरचे एक रुग्णालय असते, तिथे गेले की ते भेटतात. आयआरचे तसे नसते. त्यांच्या मोठ्या कामांना डीएसए किंवा कॅथलॅब लागते, भूलतज्ज्ञ लागतात, आयसीयू लागते, आणि काही बिघडले तर हाताशी शल्यचिकित्सक लागतात. एवढी जुळवाजुळव स्वतःच्या दवाखान्यात करणे परवडत नाही. म्हणून बहुतेक खासगी आयआर तीन-चार रुग्णालयांशी जोडलेले असतात.

या जोडलेपणाचे प्रकार आहेत. काही जण एका रुग्णालयात पूर्ण वेळ असतात. काही ठरावीक वारी ओपीडी घेतात आणि त्या दिवशीच प्रोसिजर करतात. काही फक्त बोलावल्यावर येतात, त्यांची तिथे ओपीडी नसतेच. कॅथलॅब हृदयरोगतज्ज्ञांबरोबर वाटून घेतलेली असेल तर तारीख तिच्या रिकामपणावर ठरते. पाटीवर मात्र सगळ्यांची नावे सारखीच रंगवलेली असतात.

म्हणून निघण्याआधी रुग्णालयात फोन करून विचारा : डॉक्टर कोणत्या वारी असतात? माझी प्रोसिजर इथे होणार की दुसरीकडे? तिथे आयसीयू आहे का? प्रोसिजर करून डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयात गेले तर रात्री माझ्याकडे कोण बघणार? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक बिचकतात. बिचकू नका. नीट चालणाऱ्या ठिकाणी त्याचे उत्तर लगेच मिळते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते, आणि पदवीबरोबर आयआरचे प्रशिक्षण कुठे घेतले हे विचारण्यातही गैर काही नाही.

पैशाची गोष्टही याच्याशीच जोडलेली आहे. पेणच्या एका कुटुंबाने खासगी रुग्णालयात मोठी रक्कम भरून उपचार करून घेतले. नंतर कळले की तेच डॉक्टर आठवड्यातून दोनदा दुसऱ्या रुग्णालयातही जातात, आणि ते रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. डॉक्टर तेच, हात तोच, बिलात जमीन-अस्मानाचा फरक. योजना डॉक्टरला लागू नसते, रुग्णालयाला आणि त्यातल्या ठरावीक उपचारांना लागू असते. या योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा, की मला सांगितलेला नेमका हा उपचार इथे योजनेत बसतो का. दाखल होऊन पैसे भरल्यावर विचारणे उशिराचे ठरते. कारखान्यातले कामगार असाल तर ईएसआय कार्डाचीही आठवण ठेवा.

आणखी एक. तुम्हाला मी किंवा कोणीही ठरावीक रुग्णालयातच जा असा आग्रह धरला, तर का, ते विचारा. डॉक्टरांमधल्या ‘कट’विरुद्ध कायद्याचा मसुदा २०१७ मध्ये आपल्या राज्यात तयार झाला होता, यावरून हा रोग काल्पनिक नाही हे समजावे.

पेण-रोह्याहून कुठे?

सोनोग्राफीखाली होणारी साधी कामे, म्हणजे पोटातले पाणी काढणे, वरवरचा पू काढणे, सुईने तुकडा घेणे, ही जिल्ह्यातही होऊ शकतात. त्यासाठी उपजिल्हा रुग्णालयात किंवा अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आधी विचारा. डीएसए लागणाऱ्या कामांसाठी मात्र उत्तरेलाच जावे लागते. कामोठे, नेरुळ, बेलापूर या पट्ट्यात वैद्यकीय महाविद्यालयांची आणि खासगी मोठी रुग्णालये आहेत. मुंबईत परळचे केईएम महापालिकेचे आहे. तिथे खर्च कमी, गर्दी जास्त. कर्करोगासाठी परळचे टाटा मेमोरियल आणि खारघरचे त्यांचे केंद्र आहे. टाटात तुम्ही थेट आयआरकडे जात नाही. आधी नोंदणी होते, तुमच्या आजाराचा विभाग बघतो आणि तो आयआरकडे पाठवतो.

पक्षाघाताची गोष्ट निराळी. तोंड वाकडे होणे, एक हात गळणे, बोलणे अडखळणे, यातले काहीही अचानक झाले तर माझ्या दवाखान्यातही येऊ नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांत द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी नळीने ओढून काढण्याचा उपचार साधारण सहा तासांत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. रोह्याहून पनवेल गाठेपर्यंत यातला मोठा तुकडा रस्त्यातच जातो. म्हणून वाटेतूनच फोन करून सीटी चालू आहे का आणि गुठळी काढणारी टीम आहे का, हे विचारत चला. लक्षणे सुरू झालेली वेळ कागदावर लिहून घ्या, तिथे पहिला प्रश्न तोच असतो.

जाताना आणि आल्यावर

फक्त रिपोर्टचा कागद नेऊ नका, सीटी-एमआरआयची सीडी न्या. आयआरला अहवालापेक्षा चित्रे बघायची असतात. सीडी नसल्यामुळे दुसऱ्यांदा सीटी काढावा लागलेले रुग्ण मी दर दोन-तीन महिन्यांनी बघतो. क्रिएटिनिन, प्लेटलेट आणि पीटी-आयएनआर हे ताजे रिपोर्ट इथूनच करून नेले तर एक खेप वाचते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर ते आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्याने गोळी अशी थांबवणे जिवावर बेतू शकते. मधुमेहाची मेटफॉर्मिन, पूर्वी सीटीच्या इंजेक्शनने आलेले पित्त किंवा धाप, गरोदर असण्याची शक्यता, हेही सांगायचे.

जांघेतून प्रोसिजर झाली असेल तर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावे लागते. त्याच संध्याकाळी दिवा-रोहा गाडीच्या गर्दीत उभे राहून किंवा महामार्गाचे खड्डे खात परत यायचे ठरवू नका. एक रात्र तिकडेच काढा. घरी आल्यावर सुईच्या जागी गाठ फुगू लागली किंवा रक्त येऊ लागले तर तिथे घट्ट दाबून धरा, आडवे व्हा आणि मदत बोलवा. पाय गार किंवा पांढरा पडला तर लगेच रुग्णालय गाठा.

नळी लावून पाठवलेल्यांची जबाबदारी आम्हा गावच्या डॉक्टरांचीही असते. ड्रेसिंग इथे होते, सलाईनने नळी धुणे घरच्या माणसाला शिकवता येते. पिशवी नळीच्या जागेपेक्षा खाली ठेवा आणि रोज किती द्रव आला ते वहीत लिहा. तो अचानक थांबला, नळी बाहेर सरकली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर गोळी घेऊन सकाळची वाट बघू नका. पित्ताची किंवा मूत्रपिंडाची नळी साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते. ती तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या, आणि त्याच कार्डावर रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबरही. काकांच्या कार्डावर तो नव्हता. दहाव्या दिवशी रात्री नळी बंद पडली तेव्हा त्यांच्या मुलाने आधी रुग्णालयाच्या बिलिंग खिडकीला चार वेळा फोन लावला आणि मग मला.