मापाने ढकलणारा पंप

शिमग्याची पिचकारी सर्वांना ठाऊक आहे. दट्ट्या मागे ओढला की रंग आत येतो. पुढे ढकलला की आत आला तेवढाच बाहेर जातो. आता बोटाने तिचे तोंड दाबून धरा आणि दट्ट्या ढकलून पाहा. दट्ट्या हलत नाही. कारण पाणी दाबल्याने लहान होत नाही.

गावातला हापसा ही अशीच एक मोठी पिचकारी आहे. 'इंडिया मार्क २' हा हापसा १९७० नंतरच्या दशकात सोलापूरच्या हापशावरून तयार झाला. त्याचा दांडा एकदा पुरता खाली दाबला की सुमारे ४०० मिलिलिटर पाणी वर येते. दर खेपेला तेवढेच.

रोह्याजवळ धाटावला रसायनांचे कारखाने आहेत. आपल्या भागातली पुष्कळ माणसे अशा कारखान्यांत कामाला जातात. तिथे असे मापाचे पंप असतात. घट्ट तेल पंख्याच्या पंपाला नीट ढकलता येत नाही. काकवी पंख्याने ढकलायची म्हटली तर कशी जाईल? तिथे दातेरी चाकांचा पंप लावतात. तेल दोन चाकांच्या मधून जाते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही बरं का! ते दातांच्या खाचांत बसून कडेकडेने पुढे जाते, रहाटाच्या गाडग्यांतून पाणी यावे तसे. आणि औषध किंवा आम्ल थेंबाथेंबाने, मोजून सोडायचे असेल, तर दट्ट्याचा किंवा रबरी पडद्याचा छोटा पंप असतो.

आता खरी गोष्ट ऐका. विहिरीवरचा विजेचा पंप पंख्याचा असतो. तो सुरू करताना पुढचा कॉक बंद ठेवला तरी चालते. पंखा आतल्या आत थोडा वेळ पाणी घुसळतो. हीच सवय घेऊन माणूस कारखान्यात जातो आणि फसतो. मापाच्या पंपाचा पुढचा कॉक बंद असेल तर माल जायचा कुठे? पिचकारीवर आपला हात थकतो, मोटार थकत नाही. ती ढकलतच राहते. मग पाइप फुटतो, नाहीतर जोडाचे पॅकिंग उडते. आत आम्ल असेल तर ते समोरच्याच्या तोंडावर येते.

म्हणून अशा पंपाला दाब सोडणारी झडप लावतात. कुकरला असते तशीच. दाब वाढला की ती उघडते आणि माल मागे टाकीत जातो. ती गळते म्हणून कोणी तिचा स्क्रू आवळतो, कोणी तोंडच बंद करतो. हे कधीही करू नका. ती गळत असेल तर फिटरला सांगा. पंप सुरू करण्याआधी पाइपाच्या कडेने टाकीपर्यंत चालत जा आणि प्रत्येक कॉक उघडा आहे का ते पाहा. माल कमी हवा असेल तर कॉक आवळू नका. पंपाचा वेग कमी करायला सांगा. जोड खोलायचा असेल तर आधी मोटार बंद करा, स्विचला कुलूप घाला, आणि पाइपातला दाब सोडून द्या. डोळ्यांना चष्मा हवाच. साहेब घाई करीत असले तरी हवा.

एवढे करूनही अंगावर आम्ल उडाले, तर भिजलेले कपडे लगेच काढा. निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याखाली उभे राहा. डोळ्यांत गेले असेल तर डोळे उघडे ठेवून धुवा. मग दवाखान्यात जा, आणि कोणते रसायन होते ते डॉक्टरांना सांगा. त्यासाठी टाकीवरचे नाव आधीच वाचून ठेवा.