अडतीस सवयी

जयपूरहून सीकर रोडला लागलं की विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र सुरू होतं. इथल्या रस्त्यांना थोरामोठ्यांची नावं नाहीत, नुसते आकडे आहेत: रोड नंबर ५, रोड नंबर ९, रोड नंबर १४. रिक्षावाल्यासाठी सगळ्या वसाहतीचं नाव एकच, 'व्हीकेआय'. नाव देवांच्या कारागिराचं, त्यामुळे सप्टेंबरात विश्वकर्मा पूजेला यंत्रांना हार चढतात. आपल्याकडे खंडेनवमीला चढतात तसेच. अशा कुठल्याही वसाहतीत, मग ती जयपूरची असो की चाकण-भोसरीची, एक कोडं भिंतीला भिंत लावून उभं असतं. दोन शेजारी कारखाने. यंत्रं सारखी, कच्चा माल एकाच बाजारातला, कामगार एकाच गावाकडचे, वीजही एकाच फीडरवरची. तरी एक जोरात चालतो आणि दुसरा कसाबसा तग धरतो. का?

मालकाला विचारलं तर तो बाजाराला, सरकारला किंवा नशिबाला बोल लावेल. कामगाराला विचारलं तर तो मालकाकडे बोट दाखवेल. अमेरिकेत फ्रान्सिस वॉकर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १८८७ सालीच कामगाराची बाजू घेतली होती. धंद्याधंद्यातल्या नफ्याचा फरक हा चालवणाऱ्याच्या कुवतीचा फरक असतो, असं त्याचं म्हणणं. पटण्यासारखं आहे, पण सिद्ध कसं करणार? चांगल्या व्यवस्थापनामुळे कारखाना भरभराटीला येतो, की भरभराट झालेल्या कारखान्यालाच चांगलं व्यवस्थापन परवडतं? कोंबडी आधी की अंडं, हा वाद सव्वाशे वर्षं भिजत पडला होता. तो सोडवण्याचा आजवरचा सर्वांत धीट प्रयत्न आपल्या बोईसरजवळ, तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि सीमेपलीकडच्या उंबरगावात झाला.

साल २००८. पालघर जिल्हा तेव्हा अस्तित्वात यायचा होता. तारापूर ठाणे जिल्ह्यातच होतं. निकोलस ब्लूम, बेन आयफर्ट, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि जॉन रॉबर्ट्स या पाच अर्थतज्ज्ञांनी ठरवलं की औषधाची चाचणी जशी घेतात तशी व्यवस्थापनाची घ्यायची. काही कारखान्यांना डोस द्यायचा, काहींना द्यायचा नाही, आणि कुणाला द्यायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. निवडले ते सुती कापड विणणारे, शर्टिंग-सुटिंगचा माल काढणारे घरगुती मालकीचे कारखाने. घरगुती म्हणजे लहान नव्हेत. एकेका कंपनीत सरासरी पावणेतीनशेच्या आसपास माणसं. डोस होता एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीच्या माणसांचा, आणि तोही फुकट. बाजारभावाने एका कारखान्यामागे अडीच लाख डॉलर मोजावे लागले असते असा सल्ला दारात चालून आला होता. तरीही ६६ कंपन्यांना विचारल्यावर अखेर १७ तयार झाल्या. फुकट सल्ल्याची किंमत आपल्याकडे काय असते, हे वेगळं सांगायला नकोच.

सल्लागार आत शिरले तेव्हा दिसलेलं चित्र शोधनिबंधातल्या छायाचित्रांतही आहे. लूमच्या मधल्या वाटेत कचरा. हत्यारं जमिनीवर पसरलेली, पाना हवा असेल तर शोधत फिरायचं. सुटे भाग कुठल्याशा ढिगात. सुताच्या गोणी आणि खोकी भिंतीशी रचलेली, त्यांच्यावर ना नाव, ना रंग, ना तारीख. ओल लागून खालचं सूत सडत चाललेलं. यंत्रं बंद पडली की दुरुस्त व्हायची, बंद पडू नयेत म्हणून कुणी काही करत नव्हतं. कापडात दोष निघत. ताण्याचा धागा तुटून राहिलेली चीर, बाण्याचा जाड पट्टा, तेलाचा डाग. हे सगळं शेवटच्या टेबलावर पकडून हाताने दुरुस्त करायला माणसांची वेगळी फौज ठेवलेली. तपासनीस दोष टिपूनही ठेवत. गिऱ्हाइकाची तक्रार आली की त्या वह्या उघडत. कोणता दोष कोणत्या लूमवर, कोणत्या पाळीत वारंवार येतो, हे मात्र त्या वह्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं.

सल्लागारांनी ३८ गोष्टींची यादी केली. तिच्यात थोर असं काहीही नाही, आणि मला सगळ्यात गंमत वाटते ती याचीच. दोषांची रोज प्रकारवार नोंद करा. रोज सकाळी विणाईचा, दर्जाचा आणि देखभालीचा माणूस दहा मिनिटं एकत्र उभा राहून ती नोंद पाहू द्या. प्रत्येक लूमची कार्यक्षमता भिंतीवर लिहा. तेलपाण्याचं वेळापत्रक पाळा. सूत मांडणीवर ठेवा, नाव लावा, शिल्लक मोजा. पडून राहिलेल्या सुताची शेडकार्डं करून डिझाइन करणाऱ्यांकडे पाठवा, म्हणजे नव्या नमुन्यात ते खपेल. वाणसामानाचं दुकान नीट चालवणाऱ्या कुठल्याही बाईला यात नवीन काही दिसणार नाही. सुरुवातीला या ३८ पैकी जेमतेम पाव भाग गोष्टी या कारखान्यांत होत होत्या.

एक महिना पाहणी, पुढे चार महिने अंमलबजावणी. ज्यांच्या नावाची चिठ्ठी निघाली नव्हती, त्यांना फक्त पाहणीचा महिना मिळाला. हीही नुसती सोय नव्हती. संघटनात्मक वर्तनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात पहिल्या काही पानांत शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट असते. १९२४ साली तिथे दिवे वाढवून काम वाढतं का, हे बघायला गेले. दिवे वाढवले तरी काम वाढलं आणि कमी केले तरी वाढलं; आपल्याकडे कुणीतरी लक्ष देतंय या जाणिवेनेच माणसं बदलली, असा बोध त्यातून काढला गेला. पुढे जुने आकडे पुन्हा तपासल्यावर ती गोष्ट बरीच फुगवलेली निघाली, पण शंका राहिलीच. तारापुरात सल्लागारांच्या नुसत्या वावराने सगळे सरळ झाले असते, तर पाहणीपुरते भेटलेले कारखानेही तितकेच सुधारले असते. ते थोडे सुधारले. डोस मिळालेले त्यांच्या कितीतरी पुढे गेले.

किती? पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष झपाट्याने घटले, सुताचे साठे आटले, आणि एका कारखान्यामागे वर्षाला सुमारे तीन लाख डॉलरचा फायदा निघाला. नवं यंत्र नाही, नवी जागा नाही. आपण तंत्रज्ञान म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर लूम येतो, त्याच्या शेजारी खिळ्याला टांगलेली वही येत नाही. पण १७ टक्के देणारं नवं यंत्र आलं असतं तर ते बघायला सुरतेपासून इचलकरंजीपर्यंतचे मालक गाड्या करून आले असते.

मग एवढं साधं त्यांना आधी का सुचलं नाही? संशोधकांनी विचारलं. काही सवयी मालकांच्या कानावरच आलेल्या नव्हत्या. काही आलेल्या होत्या, पण आपल्याला त्यांचा उपयोग नाही अशी खात्री होती: आपला माल शेजाऱ्याच्या मालाइतका चांगला आहे, धंदा फायद्यात आहे, मग दोष मोजायचे कशाला? शेजारीही मोजत नसल्यामुळे हे म्हणणं खरंच होतं.

स्पर्धेने अशा कारखान्यांना धुऊन काढायला हवं होतं. चांगला चालवणारा वाढत जाईल, वाईट बुडेल. तसं होत नव्हतं, आणि त्याचं कारण त्या निबंधातलं सगळ्यात चकित करणारं पान आहे. कंपनीकडे किती कारखाने असतील हे तिच्या व्यवस्थापनावरून फारसं सांगता येत नव्हतं. मालकाच्या घरात भाऊ आणि मुलगे किती, यावरून जास्त चांगलं सांगता यायचं. कारण प्रत्येक कारखान्यावर घरचं माणूस हवं. बाहेरचा मॅनेजर सूत विकून खाईल, आणि खाल्लंच तर कोर्टात कज्जा वर्षानुवर्षं लोंबकळेल. म्हणून मॅनेजरला किरकोळ खर्चापलीकडे अधिकार नाही. तीन भाऊ, तीन कारखाने. चौथा कारखाना काढायला चौथा भाऊ पाहिजे. (लेकी-सुना या मोजणीत धरलेल्याच नाहीत. त्यांना धरलं असतं तर रातोरात निम्म्या कंपन्यांची वाढायची सोय झाली असती.)

वहीने नेमकी इथे जादू केली. रोजचा उतारा, दोष, शिल्लक सूत कागदावर आणि मग संगणकावर येऊ लागल्यावर मालकाला मुंबईत बसून कारखाना दिसू लागला. दिसू लागला तसे मॅनेजरचे अधिकारही वाढले. विश्वास ठेवायला आधी रक्ताचं नातं लागत होतं. आता मोजमाप त्याच्या जागी थोडंफार चालू लागलं. तीन वर्षांच्या आत डोस मिळालेल्या कंपन्यांनी इतरांपेक्षा जास्त नवे कारखाने उघडले. चौथ्या भावाची वाट न पाहता.

संशोधक २०१७ मध्ये पुन्हा गेले. डोस मिळालेल्या कारखान्यांनी उचललेल्या सवयींपैकी जवळजवळ निम्म्या सुटल्या होत्या. मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर सवयही जायची, मालकाला वेळ नसला की सकाळची बैठक बंद पडायची. आणि आसपास कुणीच करत नसलेल्या गोष्टी आधी गळल्या. तरी न मिळालेल्यांपेक्षा हे कारखाने अजून पुढेच होते. आणि सवयी पसरल्याही होत्या, पण एकाच दिशेने: सल्लागार जिथे कधी गेलेच नव्हते अशा त्याच मालकाच्या दुसऱ्या कारखान्यांत त्या पोचल्या होत्या, कारण तिथे मालकाची माणसं ये-जा करत होती. कंपाउंडची भिंत ओलांडून शेजारच्या मालकाकडे मात्र नऊ वर्षांत फारसं काही गेलं नव्हतं.