रुग्णाचा सत्यावरील अधिकार

एप्रिल १९२३ मध्ये सहासष्ट वर्षांचे सिग्मंड फ्रॉइड घरी कोणालाही न सांगता व्हिएन्नातील एका रुग्णालयात गेले. तोंडातील गाठ काढून लगेच परतू, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात अतोनात रक्तस्राव झाला. निरोप मिळताच पत्नी व कन्या ॲना धावत आल्या. दुपारी त्या जेवणासाठी घरी गेल्या असता पुन्हा रक्त वाहू लागले. तोंडातून शब्द फुटेना, घंटाही वाजेना. त्याच खोलीतील एका मतिमंद, खुज्या रुग्णाने धावत जाऊन मदत आणली, म्हणून अनर्थ टळला.

मनाच्या तळाशी दडलेले सत्य उजेडात आणण्यासाठी ज्याने आयुष्य वेचले, त्याच्यापासूनच मग सत्य दडविण्यात आले. गाठ कर्करोगाची आहे, हे डॉक्टरांनी त्यांना सांगितले नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. रुग्णाला धक्का सोसणार नाही, अशी त्यांना भीती वाटत होती. त्यातच जूनमध्ये लाडका नातू दगावला. परंतु मौनाने रोग थांबत नसतो. ऑक्टोबरमध्ये हान्स पिख्लर यांना वरच्या जबड्याचा व टाळूचा मोठा भाग कापून काढावा लागला. तेथे बसविलेल्या कृत्रिम टाळूला घरात ‘राक्षस’ हेच नाव पडले. बोलणे, खाणे कष्टाचे झाले. उजव्या कानाची श्रवणशक्ती गेली. सिगारचे व्यसन मात्र सुटले नाही. १९३९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तीसहून अधिक शस्त्रक्रिया त्यांनी सोसल्या आणि रुग्ण तपासणे व लेखनही चालू ठेवले.

म्हणजे ज्याला सत्य सोसणार नाही असे मानले गेले, त्याने सोळा वर्षे ते सोसले. त्याला सोसवली नाही ती फसवणूक. सत्य दडविणाऱ्या डॉक्टरवरील त्यांचा विश्वास उडाला. पुढे माक्स शूर यांना आपले डॉक्टर नेमताना, नेहमी खरेच सांगाल, असे वचन त्यांनी आधी घेतले.

तंबाखूने घरोघर हा रोग पोहोचविलेल्या महाराष्ट्रात आजही ‘साधी जखम आहे’ असे रुग्णाला सांगितले जाते. माया खरी असते. परंतु जबडा ज्याचा कापावयाचा, निर्णयही त्याचाच असावयास हवा. रुग्णाला सत्य सांगावे, आणि सांगितल्यावर त्याच्या उशाशी बसून राहावे. मायेची कसोटी तीच आहे.