महाबळेश्वरच्या रानातला लाव्हा

महाबळेश्वरच्या जांभूळ-हिरड्याच्या रानात भूशास्त्राचा जाणकार सोबत असला, की पायाखालचा दगडही बोलू लागतो. माथ्यावर जांभा: तांबडा, छिद्राछिद्रांचा. लाखो वर्षांच्या पावसाने बेसाल्टमधली सिलिका धुऊन नेली. लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं.

खाली उतरताना काळा बेसाल्ट लागतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून आलेल्या लाव्ह्याचे हे थर. दोन थरांमध्ये विटकरी पट्टा दिसला तर थांबायलाच हवं! दोन उद्रेकांमधल्या उसंतीत खडक झिजून तिथे माती झाली होती, नंतरच्या लाव्ह्याने ती झाकली.

बेसाल्टमधले वाटाण्याएवढे पांढरे ठिपके म्हणजे वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या. झिरपत्या पाण्याने त्या झिओलाइटच्या स्फटिकांनी भरल्या. भिंग जरूर न्यावं. हातोडा मात्र घरीच ठेवावा, हे राखीव रान आहे.