प्लॅस्टिक प्रतिकृतींच्या जुळणीतील फटी भरणे व आच्छादन : एक विवेचन

प्रस्तावना :
ब्रिटनमध्ये १९३६ साली 'फ्रॉग पेंग्विन' या नावाने १:७२ प्रमाणातील विमानांचे प्लॅस्टिक संच विक्रीस आले. आज असे संच प्रामुख्याने पॉलिस्टायरिनचे असतात. प्रतिकृतीचा अस्सलपणा सांधा व रंग या दोन गोष्टींवर अवलंबून असतो. त्यांमागील कार्यकारणभाव स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

फटींचे स्वरूप :
साच्यातील प्लॅस्टिक थंड होताना आकसते. त्यामुळे भागांत खळगे व सांध्यांत फटी राहतात. १:७२ प्रमाणात पाव मिलिमीटरची फट म्हणजे मूळ विमानावरील १८ मिलिमीटरची भेग होय. रंगाने ती झाकली जात नाही, उलट उठून दिसते.

फटी भरण्याची साधने :
द्रावकयुक्त लांबी वाळताना आकसते. म्हणून ती पातळ थरांत भरावी व पूर्ण वाळल्यावरच घासावी. सायनोअॅक्रिलेट आकसत नाही, परंतु कालांतराने प्लॅस्टिकपेक्षा कठीण होते. त्यामुळे ते लवकर घासणे इष्ट. मोठ्या फटींसाठी दोन घटकांची इपॉक्सी लांबी उपयुक्त ठरते. द्रावकांचा वापर हवेशीर जागीच करावा. शेवटी प्रायमरचा थर दिल्यास उरलेले दोष दिसून येतात.

तथापि प्रत्येक रेषा बुजवणे योग्य नव्हे. पंख व एलेरॉन यांमधील फट मूळ विमानातही असते. याउलट स्पिटफायरच्या पंखांच्या पुढील भागातील पत्र्यांचे सांधे कारखान्यातच लांबी भरून, घासून गुळगुळीत केले जात. संचात मात्र तेथे कोरीव रेषा आढळतात. म्हणून मूळ वस्तूचा अभ्यास हातकामाच्या आधी आवश्यक ठरतो.

आच्छादन :
द्रावक सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून भाग एकजीव करते. मध्ये रंगाचा थर आल्यास सांधा कच्चा राहतो. म्हणून आधी रंगवायच्या भागांचे जोडपृष्ठ चिकटपट्टीने झाकावे. दोन रंगांच्या सीमेवर कमी चिकट पट्टी लावून तिच्या कडेवर प्रथम खालच्याच रंगाचा पातळ फवारा द्यावा. त्यामुळे कडेखालील सूक्ष्म वाटा बंद होतात व नवा रंग आत झिरपत नाही. वैमानिककक्षाच्या पारदर्शक छतावर काचेचा भाग झाकून चौकटीवर आधी आतील व नंतर बाहेरील रंग द्यावा. म्हणजे आतून पाहता योग्य रंग दिसतो. पट्टी काढताना ती स्वतःवरच दुमडत सावकाश ओढावी.

निष्कर्ष :
फट भरणे व आच्छादन ही केवळ दोष लपविण्याची तंत्रे नाहीत. काय बुजवावे व काय राखावे, हा निर्णय मूळ वस्तूच्या ज्ञानावरच घेता येतो. हा विवेक नसल्यास प्रतिकृती देखणी होईल. पण विश्वसनीय होणार नाही.